ओरावाईसचा ओढा

स्वीडनचं सैन्य १८०८ च्या सप्टेंबरात ओरावाईसला का हरलं, हे लखनौत माझ्याइतकं कोणालाही माहीत नाही. कोणाला ते माहीत करून घ्यायचंही नाही, तो भाग वेगळा. तेलीबागेत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मिश्राइनला मी एकदा हौसेने सांगायला गेले, तर ती मटार सोलता सोलता म्हणाली, "अच्छा, आपके मायके की तरफ़ का कोई गाँव है?" म्हटलं, हो बाई, माहेरच समज. चार वर्षं मी त्या गावात मुक्कामाला होते.

आम्ही इथे आलो ते यांच्या नोकरीमुळे. हे शास्त्रज्ञ, इथल्या एका संशोधन संस्थेत. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मी सांगलीला कॉलेजात इतिहास शिकवत होते, ते सोडून आले, आणि दोन वर्षं घरी बसून निशातगंजच्या बाजूच्या एका खाजगी कॉलेजात चिकटले. दर वर्षी नवं कंत्राट. रोज तेलीबाग ते निशातगंज, अर्धं शहर ओलांडून जायचं आणि हिंदीतून शिकवायचं.

माझ्या हिंदीचा मला अभिमान होता. आता म्हणायला लाज वाटते, पण होता. पहिल्याच वर्षी वर्गात मुलं दंगा करत होती, तेव्हा मी टेबलावर हात आपटून गरजले होते, "मैं यहाँ किसी की चेष्टा बर्दाश्त नहीं करूँगी!" आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. इथे चेष्टा म्हणजे प्रयत्न. म्हणजे मी भर वर्गात सांगितलं की इथे कोणी प्रयत्न केलेला मला खपणार नाही. साठ पोरं फिदीफिदी हसली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हाँ मैडम, हम भी नहीं करेंगे." त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की यापुढे या गावात कोणाला शब्दाचा अर्थ विचारायचा नाही. शब्द अडला तर चेहरा सरळ ठेवायचा आणि संदर्भाने ओळखायचा. नऊ वर्षं माझं त्यावर छान निभावलं. निदान मला तसं वाटत होतं.

ओरावाईस माझ्या आयुष्यात आलं ते एका मुलीच्या प्रश्नामुळे. आधुनिक युरोप शिकवत होते. आमच्या पुस्तकात नेपोलियनच्या प्रत्येक शिंकेवर परिच्छेद आहे, आणि फिनलंडवर एक ओळ: १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला दिलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मैडम, दे दिया मतलब? पूरा देश ऐसे ही दे दिया?" मी म्हटलं, "पुढच्या तासाला सांगते." पुढच्या तासाला सांगता आलं नाही. कारण मलाच माहीत नव्हतं.

मग मी शोधत बसले. यांच्या संस्थेत तेव्हा एक स्वीडिश पाहुणे आले होते, महिनाभर. त्यांना घरी जेवायला बोलावलं. पिठलं खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा मागून घेतलं, इतका सज्जन माणूस. परत गेल्यावर त्यांनी मला जुन्या पुस्तकांच्या प्रती धाडल्या. सगळ्या स्वीडिशमध्ये. मी शब्दकोश घेऊन बसले. सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वीडिश शिकायला बसलेली बाई लखनौत दुसरी नसेल. हे म्हणायचे, "अगं, डोळे फोडून घेशील. एवढ्या वेळात तुझी आणखी एक एम. ए. झाली असती." मुलगी म्हणायची, "आई पागल हो गई है." दोघांचंही बरोबर होतं.

लढाई अशी होती. त्या वर्षी हिवाळ्यात रशियन फौज फिनलंडमध्ये शिरली. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात. स्वीडिश सैन्य, ज्यातले कित्येक शिपाई मुळात फिनलंडचेच, बर्फातून मागे मागे सरकत उत्तरेला गेलं. उन्हाळ्यात ते उलटलं, काही लढाया जिंकलं आणि मग पुन्हा मागे आलं. सप्टेंबरच्या मध्यावर समुद्राकाठी ओरावाईसला थांबलं. जागा चांगली होती. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला जंगल, समोर एक ओढा आणि दलदलीची जमीन, आणि मागच्या चढावर आपण, तोफा रोखून. सकाळी रशियन चालून आले. ओढ्याशी अडकले, मार खाल्ला, परत फिरले. झालं! जागा हातात होती, शत्रू मागे गेला होता. बसायचं ना तिथेच? पण नाही. यांना राहवलं नाही. जागा सोडून, ओढा ओलांडून हे त्यांच्या मागे धावत सुटले. काही वेळ छान चाललं, रशियनांची पळता भुई थोडी झाली. मग काडतुसं संपत आली, दम लागला, आणि नेमकी तेव्हाच रशियनांची ताजी कुमक येऊन पोचली. मग हेच उलटे पळत ओढ्यापलीकडे. संध्याकाळपर्यंत झुंजले बिचारे, पण रशियन जंगलातून वळसा घालून बाजूला आले आणि सगळं संपलं. पुढच्या वर्षी तह झाला, अख्खं फिनलंड गेलं. त्या मुलीला मी उत्तर दिलं तोवर ती पास होऊन निघून गेली होती.

ते का धावत सुटले, यावर माझा लेख होता. हुकूम होता की नव्हता, कोणी आधी पाऊल टाकलं, हे सगळं मी तपासलं होतं. माझं म्हणणं असं की महिनोन्‌महिने माघार घेतलेल्या माणसाला एकदा जिंकल्यासारखं वाटलं की त्याला जागेवर बसवत नाही. अपमानाचा हिशेब त्याच दिवशी चुकता करायचा असतो त्याला. लेख हिंदीत लिहिला, चाळीस पानं. आमच्या कॉलेजची एक वार्षिक शोधपत्रिका निघते, तिच्यासाठी. नियमानुसार तो आधी विभागप्रमुखांना वाचायला दिला.

आमचे विभागप्रमुख म्हणजे गोडबोला माणूस. मला 'दीदी' म्हणायचे. वयाने माझ्यापेक्षा मोठे, तरी दीदी. आयुष्यभर त्यांनी परीक्षेच्या गाइडांशिवाय काही लिहिलं नव्हतं. लेख घेतला, म्हणाले, "वाह दीदी, आपने तो कमाल कर दिया." सहा महिने काहीच बोलले नाहीत. मग एक दिवस स्टाफरूममध्ये पत्रिकेचं कच्चं मुद्रित पडलं होतं, सहज चाळलं. ओरावाईस. चाळीस पानं. माझं प्रत्येक वाक्य. वर नाव त्यांचं. एकट्याचं.

माझं पित्त खवळलं. सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले आणि विचारलं, "हे काय आहे?" रागात मराठीतच विचारलं. ते हसून म्हणाले, "अरे दीदी, विभाग का काम है, विभाग के नाम से जा रहा है. आप तो घर की हैं." घर की! मेल्याने चार वर्षं माझी गिळली आणि वर मला नात्यात ओढलं. मी त्याच दुपारी कॉलेजच्या प्रबंधकांकडे लेखी तक्रार दिली. प्रबंधक म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या समितीचे प्रमुख. सत्तरीचे, जुने वकील, जुन्या लखनौचे. बोलणं इतकं मऊ की ते रागावलेत हे माणसाला घरी पोचल्यावर कळायचं.

मला बाकी काही नको होतं. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं, घरीही, कॉलेजातही. माफी नको, पद नको. लेखावर माझं नाव हवं. आयुष्यात मी एकच गोष्ट अशी केली होती जी दुसऱ्या कोणी केलेली नव्हती, आणि तिच्यावर माझं नाव हवं होतं.

तीन महिने ते प्रकरण चाललं. स्टाफरूममध्ये लोक माझ्या शेजारची खुर्ची टाळायला लागले. ज्या बायका माझ्या डब्यातली थालीपिठं तोडून तोडून खायच्या, त्यांना अचानक उपास सुरू झाले. "जाने दीजिए न दीदी," एवढंच सगळे म्हणायचे. यांनीसुद्धा एकदा म्हटलं, "जाऊ दे ना, अगं." त्या दिवशी मी यांच्याशी बोलले नाही, जेवण वाढलं आणि आत गेले.

शेवटी समितीची बैठक झाली. प्रबंधक, दोन सदस्य, विभागप्रमुख आणि मी. मी सगळं घेऊन गेले होते: स्वीडिश पानांच्या प्रती, वह्या, शब्दांच्या याद्या. विभागप्रमुख म्हणाले, ही टिपणं त्यांच्याच मार्गदर्शनाखाली काढली आहेत. सदस्यांनी माना डोलावल्या. म्हटलं, गेलं. प्रबंधक साहेब मात्र चष्मा लावून लेख वाचत होते. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि विभागप्रमुखांना विचारलं, "जनाब, यह लिखा है, 'सेना के सामने एक ओढ़ा बहता था.' यह ओढ़ा क्या होता है?"

मी डोळे मिटून घेतले. ओढा! हिंदीत नाला म्हणतात. चाळीस पानांत एका ठिकाणी माझ्या हातून सांगलीचा ओढा वाहून गेला होता, आणि या माणसाने तो जसाच्या तसा उचलला होता.

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. "सर, यह... स्वीडिश शब्द है. वहाँ की एक तरह की झील."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "सर, हा मराठी शब्द आहे. ओढा म्हणजे नाला. माझ्या माहेरी घरामागे आहे एक, हवं तर फोटो मागवते." एक सदस्य खो खो हसायला लागला. प्रबंधक साहेब हसले नाहीत, त्यांनी फक्त चष्मा काढला आणि विभागप्रमुखांकडे बराच वेळ पाहिलं. मी जिंकले होते. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर.

पण तो माणूस गप्प बसला असता तर ना! लाल होऊन म्हणाला, "सर, इसका मतलब तो यही हुआ कि मैडम को हिंदी ही नहीं आती. हिंदी माध्यम में पढ़ाती हैं, और नाले को नाला नहीं लिख सकतीं. बच्चों का क्या होगा?" आणि जो सदस्य आत्ता माझ्या बाजूने हसला होता, तो आता माझ्याकडे बघून हसला. प्रबंधकांनी हात वर करून थांबवलं सगळं. म्हणाले, विचार करून कळवतो.

माझ्या डोक्यात जिंकणं राहिलंच नाही. ते वाक्य राहिलं. घरी भाजी चिरताना तेच, बसमध्ये तेच. हिंदी ही नहीं आती. नऊ वर्षं मी या भाषेत बोंबलून घसा कोरडा केला, आणि एका ओढ्यावरून मला हिंदी येत नाही! चार दिवस मी नुसती धुमसत होते.

पाचव्या दिवशी दुपारी प्रबंधकांनी बोलावलं. गेले तर विभागप्रमुख आधीच बसलेले, खाली मान घालून. प्रबंधक साहेबांनी मला बसायला सांगितलं, चहा सांगितला, माझ्या मुलीची चौकशी केली. मग म्हणाले, "मैडम, मैंने इनसे भी बात कर ली है. देखिए, मैं चाहता हूँ कि बात इज़्ज़त से निपट जाए. आप एक राज़ीनामा लिख दीजिए, बस. बाक़ी मैं देख लूँगा."

राजीनामा.

माझ्या कानात गरम हवा शिरल्यासारखं झालं. राजीनामा! चोरी त्याने केली आणि राजीनामा मी द्यायचा? कॉलेजात नोकरी सोडण्याला सगळे इस्तीफ़ा म्हणतात, हे मला माहीत होतं. पण मला वाटलं, ही यांची लखनवी तहजीब. इस्तीफ़ा शब्द कडक, तोंडावर मारल्यासारखा, म्हणून साहेबांनी मऊ शब्द काढला. इज़्ज़त से निपट जाए, म्हणे. आणि खरं सांगू का, त्या रागातही मला एक क्षण बरं वाटलं, की हा शब्द तरी आपला आहे, मला पक्का कळतो.

मी विचारलं, "सर, यही आपका फ़ैसला है?"

ते म्हणाले, "इसी में सबकी भलाई है, मैडम." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ते "एक मिनट" म्हणून बाहेरच्या खोलीत गेले.

एक मिनिट. तेवढं मी थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते. पण मी डोक्यात राख घालून घेतलेली. टेबलावरचा कागद ओढला आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: मी माझ्या पदाचा त्याग करत आहे, तात्काळ. सही ठोकली, तारीख घातली. मान ताठ. कागद विभागप्रमुखांच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी तो वाचला, वर पाहिलं, पुन्हा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला ते लाजेसारखं वाटलं. "शुक्रिया, दीदी," ते हळूच म्हणाले. बाहेरच्या खोलीतून प्रबंधक साहेबांना नमस्कारही न करता निघाले. ते फोनवर बोलता बोलता मला हाताने थांबा थांबा करत होते. मी म्हटलं, आता कशाला थांबू?

घरी आले तेव्हा फार हलकं वाटत होतं. यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं केलंस. असल्या ठिकाणी राहायचंच कशाला?" चांगला माणूस. मुलगी कॉलेजातून आली. ती आता इथल्याच विद्यापीठात वकिली शिकते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तिला मी सगळा प्रसंग पहिल्यापासून वर्णन करून सांगितला, अगदी साहेबांच्या आवाजासकट. "आणि मग म्हणाले, राजीनामा लिहून द्या. मी म्हटलं, घ्या!"

ती पाणी पीत होती. पेला खाली ठेवला. "राज़ीनामा बोले? या इस्तीफ़ा?"

"राजीनामा. तेच ते."

"आई, वही नहीं है." ती माझ्याकडे अशी बघत होती की मला भीती वाटली. "राज़ीनामा मतलब समझौता. दोनों पार्टी राज़ी, उसका काग़ज़. कोर्ट में रोज़ होता है, यार. वो तुमसे कंप्रोमाइज़ लिखवा रहे थे. तुमने साइन क्या किया है?"

मी खुर्चीवर बसले. कप्पाळ माझं! दोनशे वर्षांपूर्वीचं स्वीडिश मी एकेक शब्द कोशात बघून वाचलं. चार चार कोश उघडून ठेवायचे मी, एका प्रत्ययासाठी. आणि ज्या गावात अकरा वर्षं दूध-भाजी घेतली, तिथला एक शब्द विचारून घेतला नाही. हे म्हणाले, "अगं, मग साधं आहे, उद्या जाऊन सांग ना, शब्दाचा घोटाळा झाला." मुलीने लगेच लॅपटॉप काढला आणि अर्ज टाइप केला. सुंदर हिंदी. माझी मातृभाषा मराठी असून 'राजीनामा' या शब्दाचा मराठीत अर्थ त्यागपत्र असा होतो, गैरसमजातून मी ते दिलं, कृपया ते रद्द समजावं. छापून, घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. "बस यही दे देना, आई. कुछ बोलना भी नहीं पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. प्रबंधक साहेब वाटच बघत होते. विभागप्रमुखही होते, आणि तो हसणारा सदस्यही. साहेबांच्या पुढे दोन कागद होते. एक माझा, त्यावर कार्यालयाचा शिक्का आणि प्राचार्यांचा शेरा, मंजूर. विभागप्रमुखांनी काल मी फाटकाबाहेर पडायच्या आत तो स्वतः नेऊन मंजूर करून घेतला होता. दुसरा कागद टाइप केलेला. साहेबांनी तो माझ्याकडे फिरवला. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, राज़ीनामा. खाली: लेख श्रीमती अमुक यांच्या एकटीच्या नावाने छापला जाईल. विभागप्रमुख लेखी खेद व्यक्त करतील. श्रीमती अमुक तक्रार मागे घेतील. विभागप्रमुखांची सही आधीच झालेली होती. माझ्या सहीची जागा मोकळी.

"मैंने तो यह माँगा था, मैडम," साहेब म्हणाले. आवाज तसाच मऊ. "आप इस्तीफ़ा रखकर चली गईं. अब जो कॉलेज में नहीं है, उसका लेख पत्रिका में छप नहीं सकता, क़ायदा है. लेकिन अभी देर नहीं हुई. आप बस इतना लिख दीजिए कि लफ़्ज़ समझने में भूल हुई. मैं आज ही इस्तीफ़ा ख़ारिज करवाता हूँ."

मी पर्स उघडली. अर्ज वरच होता. हात आत घातला, कागद बोटांना लागला.

तेव्हा विभागप्रमुख त्या सदस्याकडे थोडे वळले. नुसत्या भुवया वर केल्या, आणि तो सदस्य मिशीत हसला. एवढंच. कोणी काही म्हटलं नाही. पण मला ऐकू आलं. ओढ्याच्या वेळचं वाक्य अख्खं ऐकू आलं. आता हा अर्ज यांच्या फायलीत राहणार, माझ्या सहीनिशी, की या बाईला हिंदी येत नाही. दर वर्षी कंत्राटाच्या वेळी निघणार. स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाचला जाणार.

साहेब म्हणाले, "तो भूल हो गई थी न, मैडम? राज़ीनामा का मतलब आप कुछ और समझीं?"

मी पर्स बंद केली. आणि म्हणाले, "नहीं सर. मतलब मुझे मालूम था."

साहेबांनी मला पुन्हा विचारलं, "यानी आपने सोच-समझकर इस्तीफ़ा दिया?" त्या म्हाताऱ्याला कळलं होतं, मी खोटं बोलतेय. त्याने मला दुसरी संधी दिली होती, आणि आता तिसरी देत होता. मी म्हटलं, "जी."

त्यांनी टाइप केलेला कागद उचलला आणि खणात ठेवला. "जैसी आपकी मर्ज़ी."

तक्रार करणारीच कॉलेजात उरली नाही, म्हणून तक्रारही बंद झाली. पत्रिका दीड महिन्याने निघाली. लेख त्यात आहे. नाव विभागप्रमुखांचं. ओढा काढून नाला केलाय, बाकी एक अक्षर बदललेलं नाही.

घरी मी काय सांगितलं? सांगितलं की अर्ज दिला. वाचलासुद्धा त्यांनी. पण म्हणाले, एकदा मंजूर झालेलं परत होत नाही. हे चिडले, दोन दिवस नीट जेवले नाहीत. मुलगी तर पेटून उठली. "इतना साफ़ लिखा था मैंने," ती म्हणते, "कोई पत्थर भी मान जाता." आम्ही कधी निशातगंजच्या बाजूला गेलो की ती त्या कॉलेजच्या फाटकाकडे बघून त्या म्हाताऱ्याला शिव्या घालते, नाव घेऊन, मोठ्याने. ज्याने मला तीनदा विचारलं, त्याला. मागच्या आठवड्यात म्हणाली, "आई, मैं वकील बनते ही सबसे पहले तुम्हारा केस लड़ूँगी. वो अर्ज़ी जो तुमने दी थी, उसकी रिसीविंग, मुहर वाली कॉपी, है न तुम्हारे पास?"

मी म्हटलं, "शोधते."